इंजिन धरून ठेवणारा ठोकळा

मी एक जुना ठोकळा आहे, मित्रांनो. बाहेरून लोखंडाची चौकट, आत काळं, घट्ट पोट आणि मधोमध बोल्टसाठी भोक. कंपनीच्या कागदावर माझं नाव इंजिन माउंटिंग असं आहे, पण गॅरेजमध्ये मला कोणी त्या नावाने हाक मारत नाही. तिथे मी ‘फाउंडेशन’. मोटारीचं इंजिन चौकटीवर नुसतं ठेवलेलं नसतं. आम्ही तीन भाऊ त्याला धरून असतो. दोघं वर, उजवीकडे-डावीकडे. मी एकटा खाली, मागच्या बाजूला, जिथे चिखल उडतो आणि कोणाची नजर जात नाही.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तेव्हा माझं पोट मऊ रबराचं होतं. इंजिनाची थरथर मी पिऊन टाकायचो, म्हणून आत बसलेल्या माणसांना झोप लागायची. मला ज्या गाडीत बसवलं ती लाल रंगाची, दिसायला छोटी, पण दम मोठ्या गाडीचा. सगळी ताकद पुढच्याच दोन चाकांना. सुरतेच्या एका डॉक्टरांनी ती हौसेने घेतली होती. त्यांच्याकडे दानियल नावाचा ड्रायव्हर होता, नवापूरच्या डोंगरातला. डॉक्टर म्हातारे झाले, गाडी चालवणं सुटलं, तेव्हा त्यांनी ती दानियललाच दिली. अशा रीतीने मी गुजरातची हद्द ओलांडून महाराष्ट्रात आलो.

दानियलच्या घरात बायको प्रिस्किला आणि मुलगी रविना. घरात ते मावची बोली बोलायचे. मी तुम्हाला मराठीत सांगतो. रविना आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकचा कोर्स करून नंदुरबारला प्रेमचंदकाकांच्या गॅरेजमध्ये कामाला लागली होती. गॅरेजच्या मागे मिरचीची पथारी. हंगामात लाल मिरची वाळत पडली, की गॅरेजमधले सगळे शिंकत शिंकत नट आवळायचे.

रविनाला गाडी चालवायचं वेड होतं. वेड म्हणजे उनाडपणा नव्हे. वळणावर गाडी कशी झुकते, ब्रेक दाबल्यावर वजन कुठे जातं, याचा ती विचार करत बसायची. त्या वर्षी शेजारच्या जिल्ह्यातल्या एका क्लबने आमच्या डोंगरात चढाईची शर्यत ठेवली. नवा रस्ता झाल्यापासून जुना घाट ओस पडला होता, तोच सकाळभर बंद करून घेतला. एकेक गाडी सोडायची आणि वेळ मोजायची. पहिले तिघं राज्याच्या फेरीला नाशिकला जाणार. रविनाने नाव दिलं. सतरा नावांत मुलीचं नाव एकच होतं.

पण गाडीला एक खोड होती. जोरात निघायला गेलं, की पुढची चाकं रस्त्यावर थडथड उड्या मारायची. चाक रस्ता धरायचं, सोडायचं, परत धरायचं; डोळ्याची पापणी लवेपर्यंत चार-पाच वेळा. रविनाने काकांना विचारलं.

“टायर घिसी गयात, पोरी,” काका त्यांच्या अहिराणीत म्हणाले. “दुसरं काही नही शे. टायर बदल.”

तिने चांगले पकडदार टायर बसवले. आणि मित्रांनो, तिथेच घात झाला. पकड वाढली तशी उडीही वाढली. आधी चाक घसरून सुटायचं, आता ते रस्त्याला घट्ट धरायचं आणि मग एकदम झटक्याने सुटायचं. मला ते कळत होतं, कारण माझं रबर तेव्हा मधूनच फाटलेलं होतं. चाकाने रस्ता धरला, की इंजिन मागे झुकायचं. त्याला अडवायचं काम माझं, पण माझ्यात जोर उरला नव्हता. ते झोका घेऊन पुढे यायचं आणि तोच झोका चाकाला धक्का द्यायचा. मी ओरडत होतो, पण ठोकळ्याचं ओरडणं म्हणजे नुसती ‘खट् खट्’. लोकांना वाटायचं, रस्ता खराब आहे.

शर्यतीच्या दिवशी झेंडा पडला. रविनाने क्लच सोडला. थडथड, थडथड, आणि कडाड्! उजव्या चाकाला फिरवणारा एक्सल मोडला. गाडी सुरुवातीच्या पांढऱ्या पट्ट्यापासून पाच-सात पावलं गेली असेल, तिथेच बसली. वर घाटभर माणसं उभी होती. कोणीतरी शिट्टी वाजवली.

कळसाडीचा नवनीत पुढच्या नंबरला उभा होता. मोठ्या बागायतदाराचा मुलगा, नवीकोरी गाडी. तो काच खाली करून म्हणाला, “ताई, टोचन करू का?”

त्याच्या मनात वाईट नसेलही. पण सगळे हसले. दोर बांधून ओढत नेलेल्या त्या गाडीत रविना स्टिअरिंग धरून ताठ बसली होती. घरी पोचताच तिने चाक खोलायला घेतलं.

दानियलने मोडलेला एक्सल हातात घेऊन पाहिला. तो रागावणारा माणूस नव्हता. “पोरी,” तो म्हणाला, “ही गाडी मला मालकाने विश्वासाने दिली. चाळीस वर्षं स्टिअरिंग धरलं, माझ्या हातून कधी एक बोल्ट मोडला नाही. तुला अजून एकदा देतो. पण पुढच्या खेपेला परत तुटली, तर मी ती विकून टाकीन. तिचे हाल मला बघवत नाहीत.”

“तुटणार नाही, बाबा.”

“कशावरून?”

 याचं उत्तर शोधायला रविना दुसऱ्या दिवशी कामाला लागली.

नवा एक्सल बसल्यावर तिने गॅरेजसमोरच्या मोकळ्या रस्त्यावर काकांना स्टिअरिंगवर बसवलं. स्वतः चाकापासून लांब, बाजूला आडवी झोपली आणि मोबाईलवर संथ गतीचं चित्रीकरण केलं. मग दोघं त्या छोट्या पडद्यावर डोकं जुळवून बसले. चाक वर-खाली होत होतंच, पण पुढे-मागेही सरकत होतं.

“काका, चाक मागे कसं जाईल? त्याला धरणाऱ्या दांड्याचा रबरी बुश ढिला असल्याशिवाय?”

काका परत स्टिअरिंगवर जाऊन बसले. मग म्हणाले, “बॉनेट उघाड. आते मी ब्रेक दाबी ठेवस, क्लच जरासा सोडस. तू बाजूले उभी ऱ्हाय आनि इंजिन दख.”

रविनाने पाहिलं. इंजिन एवढं मोठं धूड, पण पाळण्यासारखं मागे गेलं आणि धप्पकन पुढे आलं. ती लगेच गाडीखाली शिरली. बॅटरीचा उजेड माझ्यावर पडला. तिने टॉमी, म्हणजे छोटी पहार, घालून मला जरा उचकटलं आणि माझं पोट उघडं पडलं.

“काका! हा तर पूर्ण फाटलाय!”

काका खाली वाकले, फाटलेल्या रबरावरून बोट फिरवलं. इतक्या वर्षांत त्यांनी कोणासमोर चूक कबूल केलेली मी ऐकली नव्हती. त्या दिवशी ते म्हणाले, “मन्ही चूक व्हयनी, पोरी. मी वरवरच दखत ऱ्हायनू. टायर नही, खालेच सगळं ढिलं शे.”

आता अडचण अशी, की एवढ्या जुन्या गाडीला माझ्या मापाचा कडक ठोकळा बाजारात मिळत नव्हता. नवा मऊ रबराचा घातला तरी ताकदीपुढे तो परत झुकणार. तेव्हा रविनाने ठरवलं, मला टाकायचं नाही, मलाच नव्याने भरायचं. तिने माझं फाटकं रबर कापून काढलं, लोखंड घासून चकचकीत केलं, खालून पुठ्ठा आणि चिकटपट्टी लावली. दोन डब्यांतली औषधं मिसळली, की त्यांचं रबरापेक्षा कडक पॉलियुरेथेन होतं. ते मिश्रण तिने माझ्यात ओतलं.

पहिल्यांदा ते फसलं. मिसळायचा डबा तिने धुतला होता, पण नीट कोरडा केला नव्हता. तेवढ्या ओलीने माझ्या पोटात फेस झाला आणि मी पावासारखा जाळीदार झालो. तिने चाकू घेतला, सगळं परत खरवडलं. दुसऱ्या वेळी डबा उन्हात तापवून कोरडा केला, तोंडाला फडकं बांधलं आणि धार बारीक धरून ओतलं. एक शिंक आली तीही तिने दाबून धरली. आठवडाभर मला फळीवर ठेवलं; कोणाला हात लावू दिला नाही. त्या आठवड्यात मी आतून घट्ट होत गेलो. तो माझा दुसरा जन्म. पहिला यंत्राने दिला होता, दुसरा एका मुलीच्या हातांनी.

माझ्याबरोबर दांड्याचे नवे बुश आले, तेल गळणारे शॉकअप बदलले. वरचे माझे दोन भाऊ मात्र तिने मऊच ठेवले. तरी पहिल्याच रविवारी घरात तक्रार झाली. चर्चला जाताना प्रिस्किला म्हणाली, “अगं, केवढी थरथरतेय! आरशात मला माझी दोन तोंडं दिसतायत.”

“एक तोंड बाबांना बोलायला, एक मला,” रविना म्हणाली. दानियल हसला. बऱ्याच दिवसांनी हसला.

त्या थरथरीचा दोष माझाच होता, आणि मी तो मान्य करतो. आता मी थरथर पीत नव्हतो, इंजिन धरून ठेवत होतो. दोन्ही एकदम पुरेपूर कोणालाच जमत नाही.

नुसता मी कडक होऊन भागणार नव्हतं. पायही शिकायला हवा होता. रोज संध्याकाळी रविना कोरीटच्या वाटेवरच्या एका चढावर निघण्याचा सराव करायची. क्लच झटक्यात सोडायचा नाही. अॅक्सिलरेटर एकदम तळाला न्यायचा नाही. चाक उडी मारू लागलं, की पाय किंचित उचलायचा. चाक शांत झालं, की परत द्यायचा. तिने टायरची हवाही थोडी-थोडी कमी-जास्त करून पाहिली आणि प्रत्येक वेळी वहीत लिहिलं.

वर्ष फिरलं. तोच घाट, तीच गर्दी. या वेळी प्रत्येकाला दोनदा सोडणार होते, चांगली वेळ धरणार होते. दानियल सुरुवातीच्या पट्ट्याजवळ उभा राहिला. तो गाडीकडे बघत नव्हता. डोळे मिटून, कान देऊन उभा होता.

पहिल्या फेरीत रविना घाबरली. झेंडा पडताच तिचा पाय तळाला गेला. चढावर गाडीचं वजन मागे जातं, पुढची चाकं हलकी होतात. चाक एकदा उडालं. इंजिनाने माझ्यावर सगळा भार टाकला. मी दात-ओठ खाऊन धरलं, मित्रांनो. तिचा पाय किंचित उचलला गेला आणि चाक परत रस्त्याला लागलं. काही तुटलं नाही, पण वेळ गेला. ती पाचवी आली.

दुसऱ्या फेरीआधी काका खिडकीशी आले. “पोरी, गाडीनी तयारी व्हयेल शे. आते तू घाई करू नको.”

रविनाने मान हलवली. एक मोठा श्वास घेतला. झेंडा पडला.

ती निघाली ती बाणासारखी. थडथड नाही, खट् खट् नाही. चाकाने रस्ता धरला आणि धरूनच ठेवला. इंजिनाने मागे रेटा दिला. मी तसूभरही सरकलो नाही. माझ्या बोल्टातून ती सगळी ताकद चौकटीत उतरत होती आणि गाडी चढत होती. पहिलं वळण, दुसरं, करवंदीच्या जाळ्यांजवळचं अवघड तिसरं, आणि वरचा पट्टा!

रविना दुसरी आली. पहिला नवनीत. पण क्लबने पहिल्या पन्नास मीटरचा वेळ वेगळा मोजला होता. त्यात सगळ्या गाड्यांत आमची लाल गाडी सर्वांत पुढे होती. नाशिकचं तिकीट पक्कं झालं.

गाडी खाली आली तेव्हा दानियलचे डोळे ओले होते. “आवाज आला नाही,” तो एवढंच म्हणाला. “मी ऐकत होतो. आवाजच आला नाही.” मग त्याने गाडीच्या टपावरून हात फिरवला.

लोकांनी बॉनेटला हार घातला, टायरचे फोटो काढले. माझा फोटो कोणी काढला नाही. मला त्याचं दुःख झालं का? खरं सांगतो, जरासं झालं. पण नवनीत आला आणि म्हणाला, “ताई, मन्ही गाडी बी चढवर उड्या मारस. काय करं तू, माले दखाडशी का?” तेव्हा रविनाने त्याला गाडीखाली नेलं, माझ्यावर उजेड टाकला आणि सांगितलं, “हा बघ. यानं धरलं.” सबंध आयुष्यात मला मिळालेलं ते सर्वांत मोठं बक्षीस.

त्यानंतर मी सहा वर्षं काम केलं. शेवटी बोल्टच्या भोकापाशी माझं लोखंड चिरलं आणि मला काढावं लागलं. वर्षभर मी गंजक्या नटांच्या डब्यात पडून होतो. आता रविनाचं नवापूरला स्वतःचं गॅरेज आहे आणि तिथे चार मुली काम शिकतात. एकदा त्यांतल्या ममताने विचारलं, “ताई, गाडी उडते म्हणजे नक्की काय ढिलं असतं?” रविनाने डबा उपडा केला, मला पुसलं आणि टेबलावर ठेवलं. तेव्हापासून मी तिथेच आहे. प्रत्येक नवी मुलगी आधी मला हातात घेते, मग पाना.

मित्रांनो, तुमच्या घरची गाडी, सायकल, पाण्याची मोटर, काहीही थडथडू लागलं, तर त्यावर आणखी जोर देऊ नका. आवाज झाकायला गाणी मोठी करू नका. खाली वाका, उजेड टाका, कोण एकटा भार सोसतोय ते शोधा आणि वेळेवर त्याची डागडुजी करा. रविनाच्या गॅरेजमधल्या टेबलाजवळून गेलात तर मला जरूर उचला. लोखंड चिरलंय खरं, पण पोट अजून घट्ट आहे. बोट दाबून बघा.