मुनीमजींचे केस

"मोठा कोन? या, बसा," असं म्हणून न्हाव्याने वस्तरा पाण्यात बुडवला आणि आसगावच्या तलावावर जमलेली पन्नास माणसं एकदम गप्प झाली.

धाकटा अमर डोकं तुळतुळीत करून उठला होता. आता नंबर थोरल्या केवळरामचा. वडील दादाजी गेले त्याला आज दहावा दिवस. बापासाठी मुलाने केस द्यायचे, इतकी साधी गोष्ट. पण केवळरामचे केस त्याचे कुठे राहिले होते!

बावीस वर्षं त्याने मुंबईत काय काय नाही केलं? हवालदार झाला, कंपाउंडर झाला, नायिकेच्या लग्नात अक्षता टाकणारा मामा झाला. एका सिनेमात तर "साहेब, गाडी आली" एवढं सांगून गेला तो गेलाच. तोंड सगळ्यांनी कुठेतरी पाहिलेलं, नाव कुणाला ठाऊक नाही. मग पन्नाशीत रोज सातच्या मालिकेतला मुनीमजी मिळाला. पांढरेशुभ्र दाट केस, झुपकेदार मिशा, सगळं घरचं! करारात एक ओळ होती: परवानगीशिवाय केसांना, मिशीला हात लावायचा नाही. सही करताना तो हसला होता. कोण मरायला हात लावतंय!

दादाजी गेले त्याच दिवशी त्याने मालिकेचं काम पाहणाऱ्या मोना मॅडमना परवानगी मागितली होती. "सर, फार वाईट वाटलं हो," त्या म्हणाल्या. "पण विग क्लोजअपमध्ये लगेच कळतो. मग चॅनल मला दुसरा मुनीमजी शोधायला लावेल." धमकीच ती, फक्त साखरेत घोळलेली.

"थांब रे!" मधुकररावकाका न्हाव्यावर खेकसले. "त्याच्या डोक्शाले हात नोको लावू. सीरियल आहे त्याची."

"पन काकाजी, बापाचा दहावा आहे," अमर म्हणाला.

"मंग? दादाजी असता तं त्यानंच मना केलं असतं. सात वाजले का टीव्हीसमोर बसून साऱ्यायले सांगे, पाहा माहा पोरगा! केस काढले न् काम गेलं तं?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. कोणी म्हणालं, देवाले समजते. कोणी म्हणालं, मुनीमजी नाही तं ते सीरियल पाहून तरी काय फायदा! केवळराम मनातल्या मनात जळत होता. अरे, एकाने तरी शिवी हासडा ना! लाज नाही वाटत का रे, असं एकाने जरी विचारलं असतं, तरी तो तडक खाली बसला असता. पण गावाने त्याला माफ करून टाकलं होतं, तेही त्याने मागायच्या आत.

शेवटी न्हाव्याने कानामागची एक बट नावापुरती कापली. मोना मॅडमना दिसणार नाही अशी.

घरी आल्यावर आई, चंद्रभागाबाई, त्याच्या डोक्याकडे पाहत राहिली.

"माय, रागावली का?"

"मी कायले रागावू? पोट आहे ते तुयं," ती म्हणाली. "जेवून घे."

तेरवीला थांबायची सोय नव्हती, शूटिंग लागलं होतं. दुसऱ्या दिवशी अमरने त्याला मोटारसायकलवर पवनीच्या स्टँडवर आणलं. नागपूरची बस यायला अर्धा तास होता, तेवढ्यात मोना मॅडमचा फोन आला.

"सर, निघालात का? नका निघू. गोष्ट सात वर्षं पुढे नेतोय आम्ही."

"आणि मुनीमजी?"

"मधल्या काळात गेले ते. पण भिंतीवर फोटो राहील हं, हार घातलेला. रोज दिसेल! तुमचा एक छानसा फोटो पाठवा ना. केस नीट दिसतील असा."

"कधी ठरलं हे?"

"मागच्याच आठवड्यात. तुमच्या घरी दुःख होतं, म्हणून म्हटलं आत्ता नको सांगायला."

"बरं," केवळराम म्हणाला. दिलेलं वाक्य म्हणायचं आणि बाजूला व्हायचं, ही बावीस वर्षांची सवय.

फोन खिशात टाकून तो समोरच्या सलूनमध्ये शिरला आणि खुर्चीत बसला. अमर बॅग घेऊन मागोमाग धावला. "दादा, बस येऊन राहिली! कुठी चालला?"

"सगळं काढा," केवळराम न्हाव्याला म्हणाला. "मिशीसुद्धा."

न्हाव्याने निरखून पाहिलं. "मुनीमजी ना तुमी? काहून हो, कोन वारलं?"

"बाप."

"आज दहावा का?"

आत्तापर्यंत कुठे अडकलं होतं कोण जाणे, ते केवळरामचं रडू आता आलं, आणि तेही असं परक्याच्या दुकानात. दारातून अमरच म्हणाला, "काल झाला."

न्हाव्याने अमरचं डोकं पाहिलं, मग केवळरामचं. हातातला फुलाफुलांचा कपडा त्याने खुंटीला अडकवला.

"मंग खुर्चीत नोको," तो म्हणाला. "खाली बसा."

केवळराम फरशीवर मांडी घालून बसला. बाहेर नागपूरची बस लागली, हॉर्न वाजवत राहिली, निघून गेली. अमरने दारात चपला काढल्या, कोपऱ्यातला पाण्याचा मग उचलला आणि भावाच्या डोक्यावर हळूहळू ओतू लागला.