नाक पुसू नका!

मित्रांनो, मी एक जुनी बर्फाची पेटी आहे. लगेच जिभल्या चाटू नका! माझ्या पोटात आइस्क्रीम कधीच नव्हतं. काय होतं ते सांगितलं तर तुम्ही नाक मुरडाल. आजारी गाईंच्या नाकातला शेंबूड आणि वासरांचं पातळ शेण!

कारखान्यातून बाहेर पडले तेव्हा वाटलं होतं, सरबताच्या दुकानात मिरवू. नशिबात आल्या जनावरांच्या डॉक्टरबाई. त्या मला गाडीत शेजारच्या सीटवर बसवत आणि वर पट्टाही बांधत. माझी थंडी अशी कडक, की एकदा झाकण उघडताच समोरच्या बैलाला हुडहुडी भरली. खोटं वाटत असेल तर बैलाला विचारा.

एका गोठ्यात गाई खोकत होत्या आणि वासरांना हगवण लागली होती. दोन वासरं गेली होती. तिसरं वासरू, ठिपकी, उठेना. गवळ्याच्या आत्यानं तिला बाटलीनं दूध पाजून वाढवलं होतं.

"गाईंना वारा बाधलाय, वासरांना दूध," गवळी म्हणाला. "दोन दुखणी एकदम. फुटकं नशीब, दुसरं काय!"

बाईंनी ठिपकीचे नमुने घेतले. मी ते पोटाशी धरून प्रयोगशाळेत नेले. उत्तर आलं, काहीच सापडलं नाही. मला रडू कोसळलं. लोक म्हणाले, बर्फ वितळला.

दुसऱ्या खेपेला बाई ठिपकीजवळ बसल्या आणि थबकल्या.

"आत्या, हिच्या नाकाला साबणाचा वास कसा?"

"मागच्या खेपेसारखंच मागचं-पुढचं सगळं लख्ख केलंय. नाकपुड्यांत बोळासुद्धा फिरवला," आत्या कौतुकानं म्हणाली. "डॉक्टरबाई घरी येणार आणि आमची पोर शेंबडी? लोक काय म्हणतील!"

"अहो आत्या, मी काय मुलगी बघायला येते? ज्याला शोधायचं, त्यालाच तुम्ही धुऊन टाकलंत!"

गवळी खो खो हसला. आत्या हसली नाही. तिनं ठिपकीचं डोकं मांडीवर घेतलं. "म्हणजे माझ्याच हातानं..."

"अजून वेळ गेलेली नाही. मी संध्याकाळी परत येते. तोवर नाक पुसू नका."

संध्याकाळी गाईंचे आणि ठिपकीचे नमुने माझ्या पोटात गेले. झाकण लावताना ठिपकीनं मान उचलली आणि माझ्या झाकणाचा उजवा कोपरा चाटला.

या वेळी चोर सापडला. गाईंच्या नाकात आणि ठिपकीच्या शेणात एकच विषाणू! एकाच घरात दोन दारांनी शिरलेला. खोकणाऱ्या गाई लगेच दूर बांधल्या. बाईंनी सांगितलेलं मीठ-साखरेचं पाणी आत्या ठिपकीला घोट घोट पाजत राहिली. एका सकाळी ठिपकी चार पायांवर उभी राहिली आणि आत्याचा पदर चघळू लागली.

आता बाईंच्या शेजारी नवी पेटी बसते, स्वतःच गार होणारी. माझी बिजागरी निखळली आहे. कोठीत माझ्या डोक्यावर झाडू ठेवतात. बाहेर गाडी सुरू झाली की अजून वाटतं, आता पट्टा बांधतील. ठिपकी आता आजी झाली असेल. गोठ्याचा तो उबदार वास पुन्हा एकदा घ्यावा, एवढीच इच्छा आहे.

मित्रांनो, मुक्या जिवाचं दुखणं लाजेनं झाकू नका. असेल तसं दाखवा. आणि मला कधी उन्हात काढलंत, तर धूळ खुशाल झटका. फक्त झाकणाचा उजवा कोपरा तेवढा सोडा. बाईंनी मला किती वेळा औषधानं धुतलं, तिथे काही उरलेलं नाही म्हणतात. असू दे. तो कोपरा पुसू नका.