यादीतल्या फुल्या

थोरल्याचं वागणं अलीकडे म्हातारीला बघवत नव्हतं. गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढलं की गळ्यातली टेप काढायच्या आधी हा विचारणार, "काय, यंदा मत कुणाकडे?" अरे, तू शिंपी आहेस की फौजदार? त्याला बाही आखूड करून हवीय, तुला त्याच्या मनाची शिवण उसवायचं काय नडलंय? एखादा हसून वेळ मारून नेई. एखादा "उद्या येतो" म्हणून जाई आणि तो उद्या काही उगवत नसे. कोपऱ्यात काजं करत बसलेली म्हातारी पुटपुटे, "गेलं आणखी एक. बस आता स्वतःचंच माप घेत."

नवऱ्यामागे हे दुकान तिनेच ओढलं होतं. शाळेचं तोंड तिने जेमतेम पाहिलेलं. अक्षरं येत ती पोरांच्या गणवेशात नावं टाचण्यापुरती. पण तिच्या शब्दाबाहेर घरातली सुई हलत नसे.

नवऱ्याच्या काळात याच टेबलावर तीन-तीन पक्षांचे झेंडे एकदम शिवले जात. निवडणूक आली की घरात खडाजंगी. नवरा एकीकडे, दीर दुसरीकडे. निकालाच्या दिवशी हरणाऱ्याने सगळ्यांना चहा करून पाजायचा, हा घरचा कायदा. दीर लागोपाठ तीनदा हरला आणि तिन्ही वेळा साखर घालायला मुद्दाम विसरला. म्हातारीने कुणाला मत दिलं हे मात्र नवऱ्याला मरेपर्यंत कळलं नाही, आणि त्यानेही विचारलं नाही. तो म्हणे, "मत म्हणजे कोटाचं अस्तर. असतं सगळ्यांना, उलटून कोण दाखवतं?"

पुढे मुलं हाताशी आली. थोरला कापायचा, धाकटा शिवायचा. मतदानावरून दोघे पहिल्यांदा भांडले आणि हसले. दुसऱ्या खेपेला भांडले, पण हसले नाहीत. तिसऱ्या खेपेला जेवताना धाकटा म्हणाला, "मी यंदा तिकडे देणार आहे." थोरल्याने हातातला घास ताटात ठेवला. "तुमच्यासारख्या लोकांमुळेच सगळं बुडालंय," म्हणाला. एका ताटात जेवलेला सख्खा भाऊ, तो एका दिवसात 'तुमच्यासारखे लोक' झाला.

महिन्याभरात धाकट्याने एक मशीन उचललं आणि रस्त्याच्या टोकाला खोली घेतली. म्हातारीने मनावर घेतलं नाही. काठी मारल्याने पाणी तुटत नसतं, असं ती आल्यागेल्याला सांगायची.

पण धाकट्याचं काम आटत गेलं. आधी शाळेच्या गणवेशांचं काम गेलं. मग पडदेवाल्या बाई येईनाशा झाल्या, मग चाव्या बनवणारा. धाकट्यासारखी बारीक टीप घालणारा आसपास कुणी नव्हता, तरी. शेवटी त्याने दूरच्या शहरात कारखान्यात नोकरी धरली. तिथे दिवसभर कॉलरी शिवायच्या, नुसत्या कॉलरी. शर्टाचं बाकीचं अंग दुसरेच कुणीतरी करणार. म्हातारीने थोरल्याला गळ घातली होती, "शाळेच्या समितीतली माणसं तुझ्याच पक्षाच्या बैठकीत असतात. एक शब्द टाक. कामं परत मिळाली तर राहील तो." "बघतो," म्हणाला थोरला. पंधरा दिवस तो बघत होता.

आज दुपारी धाकट्याची गाडी निघायची होती. सकाळी म्हातारी खडू शोधायला थोरल्याचा खण उघडून बसली. खडूच्या खाली कागदांचा गठ्ठा होता. मतदारयादी. घरानिशी नावं, आणि प्रत्येक नावापुढे लाल खडूची खूण. कुठे बरोबरची, कुठे फुली. कापडाच्या ताग्यात डाग निघाला की थोरला अशीच फुली मारून तेवढा तुकडा बाजूला काढायचा.

तिने बोट ठेवून अक्षर अक्षर लावलं. पडदेवाल्या बाई, फुली. चाव्यावाला, फुली. धाकट्याच्या दारात दिसलेल्या प्रत्येकापुढे फुली. मग जे नाव तिने स्वतः पहिलीपासून सातवीपर्यंत धाकट्याच्या कॉलरीत टाचलं होतं, ते आलं. त्याच्यापुढे दोन फुल्या होत्या.

थोरला आत आला.

"हे काय?" म्हातारीने विचारलं.

"बैठकीचं काम आहे, आई. कोण आपलं, कोण त्यांचं, एवढंच. सगळेच करतात, तेही करतात."

"शाळेच्या समितीला दाखवलंस?"

"त्यांनी विचारलं, मी खरं ते सांगितलं. काम काढून घ्या असं नाही म्हटलं मी."

"राहू द्या असं म्हटलंस?"

थोरल्याने कात्री पुढे ओढली. तिने पुढचं पान उलटलं. स्वतःचं नाव तिला लगेच सापडलं. त्याच्यापुढे बरोबर नव्हतं, फुली नव्हती, नुसता एक गोल होता.

"हे भोक कशाचं?"

"तू मताचं कधी बोलत नाहीस ना. म्हणून तुला संशयितांत धरलंय."

म्हातारीने कागद मिटले. "चल माझ्याबरोबर. त्याची गाडी निघायच्या आत त्याच्यापुढे उभा राहा."

"आता तो ऐकायचा नाही," थोरला म्हणाला, आणि टेप गळ्यात घालून गिऱ्हाइकाकडे वळला.

ती एकटीच गेली. खोली झाडून रिकामी केलेली होती. गोधडीत गुंडाळलेलं मशीन गाडीत चढलं होतं, धाकटा दोरी आवळत होता. धाकटी सून पुढे बसली होती, ती खाली उतरून पाया पडली आणि परत जाऊन बसली.

"यादीचं तुला ठाऊक होतं?" म्हातारीने विचारलं.

"होतं. दोन वर्षं झाली."

"आणि मला सांगितलं नाहीस? दातखीळ बसली होती?"

धाकट्याने गाठ मारली, ओढून पाहिली. "सांगितलं असतं तर तुझे दोन्ही मुलगे गेले असते, आई. आता एकच जातोय."

जिची जीभ आख्ख्या रस्त्याला माहीत, ती त्याच्या शर्टाची सुटलेली गुंडी लावत राहिली. गाडी वळेपर्यंत तिने हात केला, आणि वळल्यावरही तो खाली घ्यायचं तिच्या ध्यानात आलं नाही.

ती दुकानात परतली तेव्हा थोरला एका गिऱ्हाइकाचे खांदे मोजत होता. गिऱ्हाइकासमोर घरचं काढायचं नाही, हा तिचाच नियम. तो तिने आज मोडला.

"माझं मत विचारायचं होतं ना तुझ्या बैठकीला? ऐक. आजवर दर वेळी तुझ्याच बाजूला दिलंय मी. पुढे कुणाला देईन ते माझं मी बघेन, त्याचा मला राग नाही. पण धाकट्याला तू घालवलंस. तो पोटासाठी गेलाय, त्याचा पत्ता माझ्याकडे आहे. तू इथे माझ्यासमोर बसून गेलास रे. तुला परत आणायला मी कुठल्या गाडीत बसू?"