वालाच्या रोपाचं वर्णन

नरहरी खासनीसांना स्पॅनिश येत होतं, पण कसलं म्हणाल तर नुसतं पानाफुलांचं. देठ, परागकोश, पानाची खालची लवदार बाजू, सगळं तोंडपाठ. 'भूक लागली का गं?' एवढं मात्र विचारता येत नव्हतं. आता या माणसाला काय म्हणावं!

त्याचं असं झालं. जन्मभर पुण्याच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवल्यावर नरहरींनी बायकोच्या हट्टापायी कोळवणला भातखाचराच्या कडेला घर बांधलं, आणि दोन पावसाळे होताहेत तोवर बायकोच गेली. उषाताईंच्या मागं ते घर नुसतं खायला उठायचं. एकुलती लेक किमया स्पेनला, नवरा तिथलाच, आणि पोरीशी मराठी बोलायचं तिच्याकडून राहूनच गेलेलं. रविवारी फोन यायचा. सात वर्षांची एलेना "ओला", म्हणजे नमस्कार, म्हणायची, नरहरी "ओला" म्हणायचे, आणि मग पलीकडून नुसता पोरीचा श्वास ऐकू यायचा. फोन ठेवला की म्हातारा बराच वेळ तिथंच बसून राही.

२००६च्या डिसेंबरात मायलेकींचं यायचं ठरलं तसा नरहरींना हुरूप आला. नातीशी बोलायचंच, या खेपेला नाही तर कधी? त्यांनी एका जुन्या विद्यार्थ्याकडून वनस्पतींच्या अवयवांचा इंग्रजी-स्पॅनिश कोश मागवला, उच्चारांसकट. अहो, भाषा शिकायचं साधं पुस्तक दुकानात मिळत होतं! पण मास्तरांचा पाय ओळखीच्या वाटेवरच पडायचा. निम्मे शब्द लॅटिनमधले, म्हणजे घरचेच. 'लान्थेओलादा' म्हणजे भाल्यासारखं पान, हे अर्थ न बघताच कळलं तेव्हा स्वारी एकटीच टाळी देऊन हसली.

एलेना आली ती आईला चिकटूनच. नरहरींनी जास्वंदीचं फूल पुढं केलं आणि पाकळीला बोट लावून "पेतालो" म्हणाले. पोरीनं मान हलवली आणि आईमागं दडली. झालं! महिनाभराची घोकंपट्टी एका मिनिटात आटोपली.

मग एके दिवशी तिनं स्वैपाकघरातून वालाचा एक दाणा उचलला, कान तुटलेल्या कपात माती भरून तो पुरला आणि कप नरहरींच्या खुर्चीशेजारी आणून ठेवला. आधी कपाकडे बोट केलं, मग त्यांच्याकडे, आणि काहीतरी बोलली. त्यांना कळलं नाही. कोशात असली वाक्यं कुठली असायला? पण रोज सकाळी ती पाणी घालायची आणि दोघं शेजारी बसून मातीकडे बघत राहायची. उषाताई गेल्यापासून नरहरींना इतकं बरं वाटलं नव्हतं.

कोंब वर आला, पानं उलगडली, तशी पोर टाळ्या पिटत अंगणभर नाचली. जायला एकच दिवस उरला होता. आता बोलायची वेळ आली, असं नरहरींनी ठरवलं. आणि इथंच त्यांनी माती खाल्ली.

झाडाचं वर्णन मुळापासून सुरू करायचं, हा प्रॅक्टिकलचा रिवाज त्यांनी तीस वर्षं पोरांच्या डोक्यात हाणला होता. मूळ न दाखवता पानावर घसरणाऱ्याचे मार्क कापायचे. एलेना दात घासून येईस्तोवर त्यांनी रोप अलगद उपटलं, मुळं धुतली, पांढऱ्या कागदावर पसरून टाचण्या लावल्या. पोर आली तसे ते मोठ्या उमाळ्यानं सुरू झाले. "राईथ! तायो! ओखा!" मूळ, खोड, पान. एकही उच्चार चुकला नाही.

एलेना कागदाकडे बघतच राहिली. मग तिनं असा टाहो फोडला की किमया धावत आली.

"बाबा, हे काय केलंत?"

"बोलत होतो गं तिच्याशी."

"तुमच्यासाठी लावलं होतं ते! आम्ही गेल्यावर आजोबांना सोबत कोण, म्हणून. रोज सांगत होती मला."

"मग मला का नाही बोललीस?"

"तुम्हाला कळलंय असंच वाटलं मला. रोज बसत होतात की तिच्याजवळ!"

नरहरींनी रोप परत कपात खोचलं, काडीचा आधार दिला, पण दुपारपर्यंत त्यानं मान टाकली. एलेना त्या दिवशी त्यांच्याकडे फिरकलीच नाही.

संध्याकाळी त्यांनी किमयाला विचारलं, "माफ कर, असं कसं म्हणतात?"

"पेर्दोनामे."

दुसऱ्या दिवशी सकाळपासून, न्हाणीघरात, अंगणात, म्हातारा तोच एक शब्द घोळवत होता. पोर समोर आली की जास्वंदीला पाणी घालायला वळायचा.

जेवणं झाल्यावर पौडहून नबीलालची जीप आली. सामान चढलं, किमया पाया पडून आत बसली. नरहरी सामान पुन्हा पुन्हा तपासत उगाच रेंगाळले आणि मग एकदाचे खिडकीशी वाकले.

"एलेना, पेर्दोनामे."

एलेना आईच्या मांडीवर डोकं टाकून गाढ झोपली होती.

"काका, मोठ्यानं म्हना की," नबीलाल स्टिअरिंगवरनं म्हणाला. "पोर झोपलीया."

किमयानं तिला उठवायला हात पुढं केला. नरहरींनी घाईघाईनं मानेनंच नको म्हटलं. उठली आणि आपल्याला बघून पुन्हा रडली तर? तेवढं सोसायची ताकद त्यांच्यात नव्हती.

"सावकाश ने रे," ते नबीलालला म्हणाले आणि बाजूला झाले.