नवमीला थांबलेलं इंजिन

ऑक्टोबरातल्या दुपारी अमेरिकेतल्या एडिसन गावच्या त्या घरात पाऊल टाकलं की आधी आवाज यायचा: वाकवलेल्या बोटाने धातूवर मारलेली हलकी टकटक. कुकर, गाडीचं बॉनेट, जिन्याचा कठडा, शुभांगीताई काहीही असं वाजवून पाहत आणि मान किंचित तिरकी करून नाद विरेपर्यंत थांबत. सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात त्या तपासणीचं काम करत. भेग डोळ्यांना दिसण्याआधी कानाला कळते, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांच्या हातांना यंत्राच्या तेलाचा वास असे आणि त्याच हातांनी दिलेल्या चहाला वेलदोड्याचा.

रविवारी त्यांच्या तळघरात आम्ही चार-पाच जण जमत असू आणि त्या स्वतःची कादंबरी वाचून दाखवत. वरच्या अरुंद खिडकीतून मेपलच्या पानांचा तांबूस उजेड कागदांवर पडलेला असे. कादंबरीतल्या नगरीत वाफेची इंजिनं कोळशाइतकीच मंत्रांवर चालत. देवांचा कारागीर त्वष्टा तिथल्या भट्ट्यांचा मुख्य अभियंता होता, आणि गंधर्वांना कारखान्याच्या भोंग्यांची जबाबदारी दिलेली होती. तिथे प्रत्येक यंत्राची प्राणप्रतिष्ठा होई, त्याचं बारसं होई, आणि ते जिवंत आहे म्हणूनच त्याला खंडेनवमीला विसावा मिळे. त्या दिवशी जो यंत्र राबवील, त्याचं यंत्र पुन्हा कधी ऐकणार नाही, हा त्या जगाचा पहिला नियम होता.

मूळ लेखन मराठीत. इंग्रजी भाषांतर त्यांची मुलगी ईरा करत होती. तिचा जन्म इथलाच. न्यू यॉर्कच्या एका छोट्या प्रकाशनाने ते स्वीकारलं होतं. शेवटची लढाई एखाद्या सणाच्या दिवशी घेतलीत तर चित्र भव्य होईल, अशी संपादकांनी सूचना केली. ताईंनी लढाई नवमीला नेली. मशाली आल्या, तोरणं आली, झेंडूच्या माळा घातलेलं इंजिन शत्रूच्या फौजेवर धडाडत सुटलं. संपादक खूश झाले. ते प्रकरण ताईंनी आम्हाला वाचून दाखवलं, तेव्हा नागपूरहून नोकरीसाठी आलेल्या मिलिंदने हात वर केला.

"थांबा काकू. आज नवमी आहे ना तुमच्या नगरीत? मग इंजिन ड्यूटीवर कसं? ओव्हरटाइम देता का त्याला?"

सगळे हसले. ताईही हसल्या आणि मग त्यांनी मागची पानं पुन्हा उलटून पाहिली. त्याच आठवड्यात त्यांनी घरातल्या मिक्सरला, पान्यांना आणि गाडीच्या किल्लीला हळदकुंकू वाहिलं होतं आणि नवमीला रजा घेऊन त्या घरी बसल्या होत्या. स्वतः पाळलेला नियम स्वतःच्या पुस्तकात मात्र त्यांच्या नजरेतून निसटला होता.

"आई, जस्ट डिलीट द रूल," ईरा म्हणाली. "इट्स वन सेंटेन्स. नोबडी इन अमेरिका विल नोटिस."

"अमेरिकेला नाही कळणार. इंजिनाला कळेल."

"द इंजिन इज नॉट रियल, आई!"

"मग इतकी वर्षं आपण दोघी काय करतोय गं?"

"मग दिवस बदला ना काकू, दशमीला घ्या," मिलिंद घाईने म्हणाला. चूक दाखवल्याचं त्याला आता वाईट वाटत असावं.

"नाही. इंजिन नवमीलाच उभं आहे. ते त्या दिवशी काय करतं, ते बघायला हवं."

त्या हिवाळ्यात त्यांनी शेवट नव्याने लिहिला. बाहेर बर्फाने सगळे आवाज मऊ केले होते. खाली तळघरात वाचताना ताईंचा स्वर दिवसेंदिवस धारदार होत गेला. प्रकाशनाचा होकार लढाईवर अवलंबून आहे, हे त्यांना माहीत होतं. ईरा काही दिवस रुसली, मग खुर्ची ओढून शेजारी बसली आणि ओळीओळीने भाषांतर पुन्हा करू लागली.

नव्या शेवटात फौज वेशीशी येते. नायिका इंजिनाच्या कळीवर हात ठेवते आणि काढून घेते. नगरी पायी बाहेर पडते, म्हातारी माणसं पाठुंगळीला, लेकरं कडेवर. शत्रू आपली यंत्रं हाकत आत शिरतो, आणि सकाळी त्यांतलं एकही जागं होत नाही. पण शेवटचं दृश्य त्या सकाळच्या आधीच्या रात्रीचं: मागे एकटीच राहिलेली नायिका थंड बॉयलरला टेकून बसलेली, पुढे काय होणार याची कसलीही खात्री नसलेली. तिथेच कादंबरी संपते.

संपादकांचं उत्तर ईराने आपल्या फोनवरून वाचून दाखवलं.

"ते म्हणतात, बॅटल परत टाका, नाहीतर सॉरी."

"मग सॉरी," ताई म्हणाल्या आणि तिच्याकडून लिंबाची फोड मागून घेतली; पोहे गार होत होते.

वसंतात त्यांचा कारखाना ओहायोला हलला आणि त्याही गेल्या. त्या घरात आता दुसरं कुटुंब राहतं. तळघराच्या खिडकीला पडदा आहे. कादंबरी अजून छापलेली नाही. ताई ती एकेका प्रकाशकाकडे पाठवत असतात, शेवट तोच ठेवून. निघून गेलेल्या माणसाचा चेहरा काळ हळूहळू अंधुक करत नेतो. त्याने शांतपणे दिलेला एखादा नकार मात्र रिकाम्या जागेत पुष्कळ दिवस तसाच ऐकू येत राहतो.