अंत्यविधीवर मिळालेले मैल

दुपारी जरा डोळा लागला की लेंपी हार्यूला हल्ली एकच स्वप्न पडायचं. ती आडवी पडलेली आहे, अंगावर पांढरी दुलई आहे आणि खाली अथांग समुद्र. पलंगाला पाय नाहीत, खोलीला भिंती नाहीत, नुसतं अलगद दक्षिणेकडे जाणं चाललेलं. जाग आली की खिडकीबाहेर अमेरिकेतल्या हँकॉक गावचा बर्फ असायचा, पाठ नेहमीसारखी ठणकत असायची आणि टिमारू होतं तितकंच लांब असायचं.

टिमारू म्हणजे न्यूझीलंडमधलं गाव. तिथल्या एका मेंढपाळाशी लग्न करून लेंपीची धाकटी बहीण हिल्का पन्नासेक वर्षांपूर्वी गेली, ती तिकडचीच झाली. दर आठवड्याला दोघी फोनवर एकमेकींची तोंडं बघत कॉफी प्यायच्या. लेंपीची रविवारची कॉफी, हिल्काची सोमवारची. पण अलीकडे हिल्काच्या डोक्यातून माणसं एकेक करून उठून चालली होती. आधी शेजारपाजार गेला, मग जावई गेला. नवरा वारलाय हेही विसरली आणि रोज त्याच्यासाठी ताट मांडू लागली. शेवटी तिच्या मुलीनं, जॉसलिननं, आडपडदा न ठेवता सांगून टाकलं.

"मावशी, यायचं तर यंदाच ये. तुझं नाव अजून आहे तिच्याजवळ. पुढच्या वर्षी असेल की नाही, मी नाही सांगू शकत."

लेंपी एक्याऐंशीची. पाठीवर दोन शस्त्रक्रिया झालेल्या. दोन तासांपेक्षा जास्त बसली की कमरेतून कळा निघायच्या. एवढा महासागर ओलांडायचा तर झोपूनच, आणि विमानातल्या झोपायच्या जागेचा भाव ऐकूनच माणूस आडवा व्हावा! तिच्याजवळ पैसे नव्हते असं नाही. पण ते मरणाचे होते. आमच्याकडच्या जुन्या फिनिश माणसांची ही रीतच आहे. मरणाचे पैसे वेगळे काढायचे आणि चूल थंड पडली तरी त्यांना हात लावायचा नाही. आपल्याला पुरायला गावानं वर्गणी काढली, तर मेल्यावरही मान वर करायची सोय राहत नाही.

तिचा मुलगा रॉय टपाल वाटण्याच्या नोकरीतून निवृत्त झाला होता. त्याला एकच नाद, विमान कंपन्यांच्या क्रेडिट कार्डांचा. नवं कार्ड घ्यायचं, पहिल्या तीन महिन्यांत ठरलेला खर्च त्यावर करायचा, की कंपनी स्वागताचे म्हणून भरघोस मैल देते. ते मैल म्हणजेच तिकीट. तो आणि त्याची बायको आळीपाळीनं कार्डं काढत आणि लिस्बन काय, क्योतो काय, फिरून येत. चर्चमध्ये दानाची थाळी पुढे आली तरी "कार्ड चालेल का?" असं विचारायला त्यानं कमी केलं नसतं.

"आई, तुझ्या नावावर कार्ड काढू या," तो म्हणाला. "सहा हजार डॉलर खर्च झाला की लाखभर मैल. जाण्यापुरती झोपायची जागा मिळते. परतीचं मी माझ्या पुढच्या कार्डावर बघतो."

"सहा हजार? अरे, मी बटाट्यांवर नि कॉफीवर जगते. एवढा खर्च करायला मला आणखी एक जन्म घ्यावा लागेल."

"तेच तर अडलंय."

लेंपी कॉफी ढवळत होती. बाहेर बर्फ पडत होता, आणि तिला वाटत होतं की आपण त्याच्या वर कुठेतरी आहोत, जिथून तो पडायला लागतो तिथे. मग तिनं शांतपणे विचारलं, "काय रे, कर्नोकडे कार्ड चालतं का?"

रॉयला ठसकाच लागला. कर्नो म्हणजे गावातले अंत्यविधीवाले. तीन पिढ्या अख्ख्या गावाला त्यांनीच मातीआड केलं होतं.

"आई!"

"ओरडायला काय झालं? जिवंतपणी पैसे भरून ठेवणारे काय कमी आहेत? शेजारच्या वेरानं भरले, तिच्या नवऱ्यानं भरले. कधीतरी द्यायचेच आहेत ना? मी मेल्यावर तू दिलेस, तर मैल तुझ्या खात्यावर जातील."

आईचं म्हणणं हिशेबाला पक्कं होतं, आणि त्या बाबतीत तो आईचाच मुलगा होता. "एक लक्षात ठेव," तो एवढंच म्हणाला, "या कार्डाचं स्वागत जन्मात एकदाच मिळतं."

"पुरणंही एकदाच असतं."

कार्ड आलं. लेंपी ठेवणीतला कोट घालून कर्नोकडे गेली. धाकटा कर्नो गोड, हळू बोलणारा माणूस, तो सगळं उलगडून दाखवू लागला. ओकची पेटी त्यानं दाखवली, तर ही म्हणाली साधी पाइनची दाखवा. आतलं रेशमी अस्तर दाखवलं, तर म्हणाली, "मला काय नाचायला जायचंय त्यात?" फुलं कमी केली. लांब काळी गाडी नको म्हणाली, "तुमची नेहमीची गाडी धुऊन घ्या, झालं." कर्नो एकेक पायरी उतरत गेला आणि ही त्याच्यामागून उतरत गेली. शेवटी ऐटीत कार्ड पुढे केलं. त्याच आठवड्यात मरणाच्या पैशांतून कार्डाचं बिलही चुकतं केलं, कारण व्याज चढलं तर मैल मातीत गेले, असं रॉयनं बजावलं होतं.

मग ती वाट बघत बसली. दुपारची स्वप्नं आता लांबू लागली. कधी हिल्का विमानाच्या पंखावर बसून पाय हलवत असायची. कधी ढगांमधून मेंढ्या चालत यायच्या, आणि त्यांच्या मागे हिल्काचा नवरा, टोपी हातात घेऊन, लेंपीला वाट विचारत असायचा. खऱ्या रविवारी मात्र हिल्का फोनवर जरा जास्तच वेळ नुसती बघत राहायची, आणि मग चाचपडत म्हणायची, "लेंपी... ना?" ते 'ना' लेंपीच्या काळजात रुतायचं.

मैल काही येईनात. मुदत सरायला चारच दिवस उरले, तेव्हा रॉयनं खातं उघडून बघितलं आणि कपाळाला हात लावला.

"आई, कर्नोकडे किती घासाघीस केलीस?"

"सातशे वाचवले!" लेंपीची मान ताठ झाली.

"तिथंच घात झाला. तीनशे कमी पडतायत. सहा हजार भरलेच नाहीत. आणि दुकानात तू कार्ड काढलंच नसशील."

"दुकानात? बटाट्यांना कुणी कार्ड देतं का?"

"स्वस्तातलं मरण इतकं महागात पडलेली बाई जगात पहिलीच असशील तू!" रॉय वैतागला, मग हसला, मग त्याला आईचा चेहरा दिसला आणि हसू विरलं. "जाऊ दे. मला गाडीचे टायर घ्यायचेच आहेत. तुझ्या कार्डावर घेतो, पैसे तुला देतो."

"काही नको. दुसऱ्याच्या टायरांवर बसून मी बहिणीकडे जाणार नाही. माझं मी बघते."

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा कर्नोच्या दारात उभी.

"मिसेस हार्यू? काही बिघडलं का?"

"भाव वाढवा," लेंपी म्हणाली.

कर्नोनं चष्मा काढला, पुसला, परत लावला. बापजाद्यांपासूनच्या धंद्यात हे वाक्य त्याच्या कानावर पहिल्यांदाच पडत होतं. "ठरल्यापेक्षा जास्त मी घेणार नाही," तो म्हणाला. "काहीतरी दिल्याशिवाय पैसे घ्यायची आमच्यात पद्धत नाही."

"मग द्या काहीतरी. तीनशेचं."

"रेशमी अस्तर?"

"छे!"

कर्नोनं यादीवरून बोट फिरवलं. मग कर्नो हळूच म्हणाला, "लोकांची कॉफी अजून धरलेली नाही आपण."

लेंपीचा चेहरा उजळला. दफनानंतरची कॉफी! ती कशी सुटली? "चर्चच्या तळघरात मिळते तसलं पाणी नको हं. दाट हवी. आणि बरोबर वेलचीचा पाव, ताजा."

"माणसं किती?"

"जानेवारीत मेले तर चाळीस. उन्हाळ्यात मेले तर साठ धरा, सगळे मासे पकडायला आलेले असतात."

"साठ धरू?"

"साठच धरा. मी उन्हाळ्यातच मरेन." आणि ती तशीच बसून राहिली, डोळे अर्धवट मिटून. तिला तळघरात कपांची किणकिण ऐकू आली, कुणीतरी तिसरा कप मागत होतं. आयुष्यात पहिल्यांदाच तिनं भाव न करता पैसे दिले, आणि तिला फार बरं वाटलं.

मैल आले. रॉयनं तिकीट काढलं.

महासागरावरच्या त्या विमानात एका मुलीनं तिची खुर्ची सपाट केली, गादी पसरली, दुलई दिली. लेंपी आडवी झाली. पाठ हळूहळू मऊ होत गेली, आणि कुठलीच कळ आली नाही. डोक्याशी बारीक निळा दिवा होता, कानाशी सगळ्या विमानाचा एकच लांब श्वास. झोप लागली तरी आपण विमानात आहोत हे कळत होतं, आणि जाग आली तरी स्वप्न चालूच होतं. मधेच तिला शंका आली की आपण मेलोच तर नाही ना, पैसे भरलेच आहेत. मग भूक लागली, तेव्हा खात्री पटली. वाटेत कुठेतरी एक अख्खा वार गळून पडला, आणि ती शेवटी हिल्काच्या दिवसात जाऊन पोचली.

टिमारूला दार हिल्कानंच उघडलं. केस पांढरेशुभ्र, बाकी तीच. तिनं लेंपीकडे बघितलं, परक्या माणसाकडे बघून हसावं तसं हसली आणि इंग्रजीत म्हणाली, "या ना."

मागे उभ्या जॉसलिनच्या डोळ्यांत पाणी आलं. "मावशी, तुझं नाव गेल्या आठवड्यापर्यंत होतं गं. खरंच होतं."

लेंपीला रडू फुटत होतं. एवढा समुद्र पार केला आणि आठवडाभरानं चुकलं!

"बरं झालं आलात," हिल्का सांगत होती. "माझी बहीण यायचीय. अमेरिकेहून, विमानात झोपून येतेय. ओळखता का तुम्ही तिला?"

"थोडीफार."

"दमून येईल बिचारी. तिची गादी घालायचीय, आणि मला एकटीला चादर जमत नाही. जरा हात लावता?"

लेंपीनं हात लावला. एका बाजूला ही, एका बाजूला ती. दोघींनी चादर झटकली, कोपरे खोचले, वर दुलई पसरली. हिल्का दर सुरकुतीवरून हात फिरवत होती, फार काळजीनं, आणि ती काळजी आपल्यासाठी आहे हे लेंपी बघत होती. विमानतळांवर बसून बसून अवघडलेली पाठ आता ऐकेना. "मी जरा पडू का?" तिनं विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता ती त्या गादीवर कलंडली, कुशीवर, भिंतीकडे तोंड करून, लहानपणी दोघी एकाच गादीवर झोपायच्या तेव्हापासूनची तिची सवय.

हिल्का उभी राहून बघत होती. जॉसलिन तिला बाहेर न्यायला पुढे आली. तेवढ्यात हिल्कानं पायातले जोडे काढले, दुलईचं टोक उचललं आणि गार पाय लेंपीच्या पोटऱ्यांना लावले.

"सरक की तिकडे, लेंपी," ती फिनिशमध्ये म्हणाली. "सगळी जागा तूच अडवतेस."

लेंपी भिंतीला टेकेपर्यंत सरकली.