रुसव्याची रजा

मे महिन्यात कोल्हापुरात दोन गोष्टींना फार मागणी असते, बर्फाला आणि लग्नाच्या हॉलला. हिमगौरी बर्फ कारखान्याचे मॅनेजर दत्तप्रसाद यांचं दुर्दैव एवढंच, की बर्फ तयार करणारी माणसंच लग्नाला जाणारी होती.

कारखान्यात एक नियम तांबड्या अक्षरांत भिंतीवर लिहिला होता : ‘अमोनियाच्या कॉम्प्रेसरवर एकटा माणूस थांबणार नाही.’ मागं एकदा गॅस सुटला तेव्हा हा नियम नव्हता. शेजारची गल्ली म्हशींसकट रडत रस्त्यावर आली होती. तेव्हापासून मशीनवर कायम दोघं. एक स्वतः दत्तप्रसाद, दुसरा पाच ऑपरेटरांपैकी कुणीतरी.

दुसरा नियम सुट्टीचा. जो आधी मागेल, त्याला आधी. वशिला नाही.

या नियमानं चौघांना एकाच दिवसाची सुट्टी मिळाली. कारणही एकच : जवळचं लग्न, मुरगूडला. पाचवा सम्राट. तो गेला पंधरवडा मोटरसायकलवरून आमंत्रणं देत हिंडत होता, म्हणून सुट्टी मागायला शेवटी आला.

“साहेब, मलाबी त्याच दिवशी सुट्टी पायजे.”

“नाही मिळणार. तू पाचवा.”

“पण जायालाच पायजे की.”

“कुणाचं लग्न आहे एवढं?”

“माझं.”

दत्तप्रसादांनी चष्मा काढून पुसला. परत घातला. समोर तोच माणूस होता.

“अरे, मग आधी सांगायचं नाही?”

“नवरदेवानंबी सुट्टी मागायची असती व्हय? मला वाटलं, मी तर असणारच.”

दत्तप्रसादांनी मालकांना फोन लावला. मालक विजयसिंह महाबळेश्वरला सुट्टीवर होते. मालकांची सुट्टी कुठल्याच नियमात बसत नसल्यामुळे ती नेहमी मिळे.

“एक दिवस मशीन बंद ठेवू का?”

“मे महिन्यात? लस्सीवाले मला रंकाळ्यात बुडवतील! आणि एकट्यानं चालवू नका हां. सेफ्टी म्हंजे सेफ्टी.”

मग दत्तप्रसादांनी सुट्टीवाल्यांना विनवलं. ऋतुराजला वऱ्हाडाचे फेटे बांधायचे होते. दुसऱ्याला घोड्यापुढं नाचायचं होतं. तिसऱ्याकडं जिलेबी वाढायचं खातं होतं, आणि ते तो दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायला तयार नव्हता. चौथे जोतीराम, सगळ्यांत जुने. ते मशीनला ग्रीस लावत म्हणाले, “मी न्हाय जाणार.”

“पण तुम्ही सुट्टी घेतलीय.”

“घेतलीया की. घरात बसणार. म्हंजे त्याला कळंल, मोकळा असून आला न्हाय.”

“झालं काय?”

“बाकीच्यांच्या घरला जाऊन, च्या पिऊन निवतं दिलं ह्या पोरानं. आणि मला हितं, मशीनवर, उभ्या उभ्या! ‘काका, येताय न्हवं?’ येताय न्हवं! एसटीत जागा इचारल्यागत!”

दत्तप्रसादांची उभी नोकरी माणसांची भांडणं मिटवण्यात गेली होती. त्या दिवशी मात्र ते गंभीरपणे म्हणाले, “चुकलंच त्याचं. पण घरात बसलात तर त्याला कसं कळणार? त्याच्याच मशीनवर उभे राहा. जिव्हारी लागेल.”

“व्हय की,” जोतीराम खुलले. “हे ब्येस.”

सम्राटची सुट्टी मंजूर झाली. पण पोरगं मनानं चांगलं, हीच अडचण.

“साहेब, काका रुसल्यात म्हणं. सांजंला घरला जाऊन पाया पडतो.”

“खबरदार! अक्षता पडेपर्यंत त्या गल्लीत पाऊल टाकायचं नाही.”

लग्नाच्या दिवशी सकाळी कॉम्प्रेसर धडधडत होता आणि जोतीराम गळ्यात मास्क अडकवून मन लावून रुसले होते. तेवढ्यात फाटकावर हॉर्न वाजला. टेम्पोभर वऱ्हाड, आणि पुढं मुंडावळ्या बांधलेला सम्राट. तो धावत आत आला आणि जोतीरामांच्या पाया पडला.

“काका, चुकलो. चला. तुमच्याबिगर अक्षता पडायच्या न्हाईत.”

त्याच्या पाठीमागं दत्तप्रसाद दोन्ही हातांनी ‘नको, नको’ करत होते. जोतीरामांनी नवरदेवाला मानाला शोभेल इतका वेळ ताटकळत ठेवलं. मग मान पुढं केली. ऋतुराजनं टेम्पोतून उडी मारून फेटा बांधला. दत्तप्रसादांना रडू यायचंच बाकी होतं, पण तोंडातून निघालं ते एवढंच : “शेमला आत खोवा! मशीनजवळ सैल कापड नको!”

जोतीरामांनी शेमला आत खोवला. “पावलो. जा आता, मुहूर्त चुकंल. मला ड्यूटी हाय.”

“म्हंजे? येत न्हाय?”

“बोलवाय आलास, झालं की. यायचं कुणाला हुतं एवढ्या उन्हात?”

लग्न थाटात झालं, बर्फही झाला. पण टेम्पोतल्या मंडळींनी एक गोष्ट नीट पाहून ठेवली होती : जो रुसतो, त्याच्याकडं नवरदेव चालत येतो.

आठवड्यानं ऋतुराजचं लग्न होतं, गडहिंग्लजला. चौघांचीही सुट्टी आधीच मंजूर. मशीन बंद करायच्या तयारीनं दत्तप्रसाद आले, तर चौघंही ग्रीसच्या हातांनी हजर.

“आमच्यातला च्या अर्धाच पिऊन उठला त्यो,” एक म्हणाला.

“माझ्या बायकूला येगळं बोलावलं न्हाय,” आठ दिवसांचा संसारी सम्राट म्हणाला.

जोतीरामांना कारण सापडलं नव्हतं. ते नुसतेच रुसले होते. चौघांचेही डोळे फाटकाकडं.

मशीनवर दोघं लागतात, इथं चौघं होते. दत्तप्रसादांनी पुन्हा एकदा मोजलं आणि बारा वर्षांत पहिल्यांदाच मे महिन्यात सुट्टी घेऊन गडहिंग्लजची एसटी पकडली. मांडवात त्यांना फेटा बांधला गेला. शेमला त्यांनी सवयीनं आत खोवला.